संध्याकाळी घरी

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं जुनी माणसं सांगतात. कवडूचं म्हणणं वेगळं होतं. चढावी, पण 'हो' म्हणून लगेच उतरावी.

हे ज्ञान त्याला फुकट मिळालं नव्हतं. बिरसीच्या शिवारात तो मोहाची दारू गाळायचा, तेव्हा दोन-तीनदा पकडला गेला होता आणि दर वेळी गोंदियाच्या कोर्टात उभा राहिला होता. तिथली रीत त्याला तोंडपाठ झाली होती. सकाळी आंघोळ करून धुतलेला सदरा घालायचा, नाव पुकारलं की हात जोडून पुढं जायचं, साहेबांनी 'गुन्हा कबूल आहे का' म्हणून विचारलं की 'हो साहेब' म्हणायचं, दंड भरायचा, आणि संध्याकाळी घरी. 'नाही' म्हणणारे लोक त्यानं पाहिले होते. वर्षानुवर्षं तारखा घेत फिरत होते बिचारे, चपला झिजल्या, वकील तेवढे गब्बर झाले. गावात कुणाला समन्स आलं की लोक कवडूकडे यायचे, आणि कवडू विडी पेटवून सगळ्यांना एकच मंत्र द्यायचा, "कबूल करा, दंड भरा, संध्याकाळी घरी." असा हा कोर्टातला जावई.

भट्टी त्यानं पोलिसांच्या भीतीनं सोडली नाही, पोरीसाठी सोडली. आचल दहावीत होती. एक दिवस शाळेतून आली आणि चुलीपाशी उभी राहून म्हणाली, "बाबा, मले पोलीस व्हायचं हाय. पोलिसाच्या घरी भट्टी नाई चालत." त्याची बायको देवकाबाई हसली. कवडू हसला नाही. त्यानं परसात जाऊन मडकं स्वतःच्या हातानं फोडलं आणि दुसऱ्या दिवशी राईस मिलवर हमालीला लागला. पाठ सोलून निघायची, पण पोरगी पहाटे गावाशेजारच्या विमानतळाच्या भिंतीच्या कडेनं धावायची ते बघायला तो मुद्दाम थांबायचा. मग मिलवर जायचा. त्या पोरीपलीकडे त्याला दुसरं काही सुचत नसे.

बिरसीला विमानं चालवायला शिकणारी पोरं येतात. लांबलांबची, पैशाच्या घरची. त्यातली काही गावातच खोल्या घेऊन राहत. देवकाबाई त्यांचे डबे करायची आणि आचल ते पोचवायची. पोरं तिला दीदी म्हणत. जयपूरचा एक वेदांत म्हणून होता, त्याला तर दीदीशिवाय साबणसुद्धा मिळत नसे. बारावी झाल्यावर आचल पोलीस भरतीच्या क्लासला गोंदियाला जाऊ लागली, आणि ती निघाली की तो खोलीतून ओरडायचा, "दीदी, कार्ड टेबल पे पड़ा है, ले जाना, बिस्किट और शैम्पू ले आना।" ते क्रेडिट कार्ड होतं. छोट्या खरेदीला आकडा दाबायची गरज नाही, मशीनला टेकवलं की टुक्‌ आवाज येतो आणि झालं. आचल कार्ड न्यायची, सामान आणायची, कार्ड आणि पावती टेबलावर ठेवायची. असं वर्षभर चाललं.

मग बुटांनी दगा दिला. भरतीची धावण्याची चाचणी तोंडावर आली आणि आचलच्या बुटाचा तळ जबडा वासल्यासारखा उघडला. चांभारानं टाके घातले, ते दुसऱ्या दिवशी उसवले. बापाकडे मागायची तिची हिंमत झाली नाही, कारण त्या आठवड्यात मिल बंद होती. ती वेदांतच्या खोलीवर डबा ठेवायला गेली, तर तो विमान घेऊन बाहेर गेलेला. दार नेहमीसारखं उघडं, कार्ड नेहमीसारखं टेबलावर.

इथं गावची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्याकडे शेजाऱ्याची कुदळ लागली तर कुंपणावरून उचलतात आणि संध्याकाळी सांगतात, 'नेली होती बरं का.' विचारायच्या आधी नेली म्हणून कुणी चोर होत नाही. सांगितलंच नाही तर होतो. आचलनं कार्ड उचललं ते कुदळ उचलावी तसं. बूट घेतले, संध्याकाळी कार्ड पावतीसकट टेबलावर ठेवलं, आणि डब्याच्या पैशांतून वळते करून घ्या असं सांगायला ती त्याची वाट बघत बसली. पण नागपूरकडे धुकं होतं म्हणे, वेदांत त्या दिवशी परत आलाच नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

कार्ड खरं तर त्याच्या बापाचं. खरेदीचा मेसेज जयपूरला बापाच्या फोनवर गेला. बायकांच्या बुटांचं दुकान बघून बाप चक्रावला, पोराला फोन लावला तर तो आकाशात. बापानं कार्ड बंद केलं आणि तिथं बसल्या बसल्या चोरीची तक्रार ठोकली. वेदांत परत आल्यावर त्यानं सांगून पाहिलं, "पापा, दीदी है, छोड़ दो।" बाप म्हणाला, आज जूते लिए हैं, कल कुछ और लेगी. पैसेवाल्याचं तत्त्व फार कडक असतं, कारण त्याची किंमत दुसऱ्याला भरावी लागते.

आचल चाचणी धावली त्याच बुटांत, आणि अशी धावली की गोरेगावची रचना नावाची पोरगी, जी तिच्या शेजारच्या पट्ट्यात होती, ती नंतर पाण्याची बाटली पुढं करून म्हणाली, "तू का हवा पिऊन येतेस का वो?" दोघी एकाच बाटलीतून पाणी प्यायल्या, एकमेकींना फोन नंबर दिले. त्यानंतरच्या आठवड्यात जागेश्वर शिपाई कवडूच्या दारात उभा राहिला.

जागेश्वर म्हणजे कवडूला भट्टीवर पकडणारा जुना गडी. दोघांची एक प्रकारची ओळख होती.

"काय गा जागेश्वर, आता तं मडकंही नाई घरात," कवडू म्हणाला.

"तुह्यासाठी नाई आलो," जागेश्वर म्हणाला. त्याची नजर खाली होती. "पोरीले बोलाव. आन् तिचे नवे बूट आनायले सांग."

आचलनं काहीच लपवलं नाही. मीच नेलं, सांगायचं राहिलं, असं तिनं ठाण्यात सांगितलं. बूट पिशवीत घालून, पिशवी लाखेनं बंद करून, चिठ्ठी डकवून जप्त झाले. तिथल्या एकानं कलमं वाचून दाखवली. चोरीला तीन वर्षांपर्यंत तुरुंग. दुसऱ्याचं कार्ड आपलं म्हणून वापरलं असं धरलं तर कॉम्प्युटरच्या कायद्यानं आणखी तीन, वर लाखापर्यंत दंड. देवकाबाईनं तिथंच भिंतीला टेकून बसकण मारली. आरोपपत्रात पुढं चोरीचंच कलम राहिलं, पण त्या दिवसापासून देवकाबाईच्या हातची भाजी खारट होऊ लागली, ती होतच राहिली.

आणि अशात भरतीची यादी लागली. आचलचं नाव होतं.

एरवी कवडूनं गावात पेढे वाटले असते. आता तो यादीचा फोटो मोबाइलवर पुन्हा पुन्हा उघडून बघायचा आणि बंद करायचा. नाव होतं, पण आता चारित्र्य पडताळणी होणार होती. कोणत्या ठाण्यात काही गुन्हा आहे का, कोर्टात काही चालू आहे का, सगळं बघणार.

सरकारकडून त्यांना वकील मिळाली होती, नूतन मेश्राम. तरुण बाई, स्कूटीवर यायची, बोलायची भराभर पण समजेल असं. तिनं कवडूला समोर बसवून सांगितलं, "काका, घाई करू नका. मी त्या मुलाशी बोलले. वडील आता नरमलेत, तो त्यांना घेऊन कोर्टात यायला तयार आहे, ते तडजोडीचा अर्ज देतील. कोर्टानं परवानगी दिली की केस संपली, आणि आचलवर डाग नाही. फक्त त्याची परीक्षा आहे, महिनाभर लागेल. पडताळणीसाठी मी मुदत मागते."

"महिनाभर?"

"महिनाभर. परवाच्या तारखेला मला देवरीच्या कोर्टात जावं लागतंय. तुम्ही फक्त हजर राहा, पुढची तारीख घ्या. तोंड उघडू नका."

कवडूनं मान डोलावली. पण महिनाभर हा शब्द त्याच्या डोक्यात कुसळासारखा रुतला. महिनाभरात पडताळणीवाला येईल, केस चालू आहे असं लिहून नेईल, पोरीचं नाव कापलं जाईल. केस चालू असणं वाईट, म्हणजे केस संपलेली बरी. आणि केस एका दिवसात कशी संपवायची हे या जिल्ह्यात त्याच्याहून चांगलं कुणाला माहीत होतं? वकिलीणबाई शिकलेली होती, पण पोरसवदा. आरोपीच्या जागेवर ती कधी उभी राहिली होती?

तारखेच्या दिवशी त्यानं आचलला आंघोळ करून धुतलेला ड्रेस घालायला लावला. कोर्टाच्या पायऱ्यांवर तिला थांबवून म्हणाला, "आयक बाई, आज मिटवून टाकू."

"नूतनताईनं सांगतलं हाय, बोलू नोको म्हनून."

"ताईले तारखा पायजेत. मी कोरट पाह्यलं हाय. तुह्या बुटाचे पैसे आपून भरून देऊ, वरून दंड भरू. साहेबानं इचारलं का हो म्हन. आज केस खतम, उद्या पडताळनीवाला आला तं त्याले काय दिसन? काहीच चालू नाई."

"आन् नाई झालं तसं तं?"

"काऊन नाई होईन? मी का तुह्या वाईटाचं सांगून राहिलो?"

आचलनं बापाकडे बघितलं. त्याच्या बापपणावर तिनं आजवर कधी शंका घेतली नव्हती, कारण तिच्या शब्दावर मडकं फोडणारा बाप होता तो. ती हो म्हणाली.

नाव पुकारलं गेलं. साहेब घाईत नव्हते, उलट जरा जास्तच सावकाश होते. वकील कुठे आहेत, पुढची तारीख हवी का, असं त्यांनी विचारलं. आचल म्हणाली, गुन्हा कबूल आहे. साहेबांनी चष्मा काढला. कुणी दबाव टाकला का? कबुलीनंतर शिक्षा होईल, हे कळतं का? विचार करायला वेळ हवा का? आचलनं मागं वळून पाहिलं. मागच्या बाकावर कवडू हात जोडून बसला होता. त्यानं मान हलवली.

"हो साहेब," आचल म्हणाली. "समजून-उमजून सांगते."

कवडूला वाटलं, पोरगी आपल्यापेक्षा चांगलं बोलली.

साहेबांनी निकाल दिला. वस्तूची किंमत पाच हजारांच्या आत, पहिलाच गुन्हा, रक्कम परत करायची तयारी. नव्या कायद्यानं अशा चोरीला तुरुंगही नाही, दंडही नाही, समाजसेवा आहे. शहरातल्या क्रीडासंकुलाचं मैदान रोज दुपारनंतर झाडायचं, ठरवून दिलेल्या मुदतीपर्यंत. पैसे लगेच भरून झाले. साहेब जरा थांबले आणि आचलकडे पाहून म्हणाले, "बेटा, वकिलाला विचारायला हवं होतंस." ते कवडूनं ऐकलं, पण मोठी माणसं असं काहीतरी बोलतातच.

बाहेर आल्यावर त्याचा आनंद मावेना. दंडसुद्धा नाही. फक्त झाडू मारायचा. झाडू कोण मारत नाही? त्यानं बसस्टँडपाशी जिलबी घेतली, अर्धी आचलला बळेच खायला लावली, आणि सूर्य मावळायच्या आत दोघं बिरसीला पोचले. "पाह्यलं?" तो दारातूनच देवकाबाईला म्हणाला. "संध्याकाळी घरी."

नूतनचा फोन दुसऱ्या दिवशी आला. ती म्हणाली, "काका, तुम्ही काय केलं हे?"

"केस मिटवली बाई."

"मिटली नाही. सिद्ध झाली. काल सकाळपर्यंत तिच्यावर नुसता आरोप होता. आज ती चोरीत दोषी ठरलेली आहे. शिक्षा झाडूची असो की जन्मठेपेची, दोषी म्हणजे दोषी. पोलिसात कोण घेईल तिला?"

"मंग वरच्या कोरटात जाऊ."

"स्वतःच्या कबुलीवर अपील नसतं. शिक्षा कमी करा एवढंच मागता येतं. आणि याहून कमी शिक्षा त्या पुस्तकात नाही, काका."

कवडूच्या हातातला फोन आचलनं घेतला. तिनं "हो ताई", "बरं ताई" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवून डबे भरायला गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं दोन शिव्या घातल्या असत्या, ताट भिरकावलं असतं, तर कवडूला निदान कुठंतरी उभं राहायला जागा मिळाली असती.

पडताळणीला जागेश्वरच आला. ओट्यावर बसला, चहा घेतला नाही. एरवी कवडूच्या जुन्या गुन्ह्यांच्या नोंदींची चेष्टा करणारा हा माणूस आज टोपी गुडघ्यावर ठेवून खाली मानेनं कागद भरत होता.

"माह्या नावावर तं किती हायेत," कवडू म्हणाला. "मले कोनी काही इचारलं का कधी?"

"तुले कोनी नोकरी देऊन राहिलं होतं का गा?" जागेश्वर म्हणाला. ते टोचायला म्हणाला नव्हता, पण कवडूला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्याच्यासारख्याला कबुली परवडते, कारण त्याच्याकडून काढून घ्यायला काही नसतं. ज्या वाटेनं तो आयुष्यभर सुखरूप घरी आला, ती वाट फक्त त्याच्यासारख्यांसाठीच होती. पोरीला त्यानं हाताला धरून त्या वाटेवर आणलं, आणि पोरगी तर दुसरीकडे निघाली होती.

त्यानंतर तो एकटाच कोर्टात गेला. धुतलेला सदरा घालून, आंघोळ करून. साहेब कामात होते तरी तो हात जोडून दाराशी उभा राहिला आणि कोर्टाच्या शिपायाला सांगू लागला, "बूट म्या घेतले. कार्ड म्या चोरलं. मले कबूल हाय, मले आत जाऊ द्या." शिपायानं आधी समजावलं, मग दंडाला धरून बाहेर आणलं. कवडू पायरीवर बसून तेच म्हणत राहिला. कोर्टात बोलायचा एवढाच शब्द त्याला येत होता, आणि आज तो कुणालाही नको होता.

आचल मैदान झाडायला जाऊ लागली. कवडू सायकलवर तिला डबल सीट घेऊन जायचा. पहिल्या दिवशी त्यानं तिच्या हातातला खराटा घेतला, तर मैदानाचा राखणदार केशोराव म्हणाला, "बाबा, हुकमात पोरीचं नाव हाय. तुमचं नाई." म्हातारा वाईट नव्हता. त्यानं कवडूला कडुनिंबाखाली बसायला सिमेंटची रिकामी पिशवी दिली. कवडू तिथं बसायचा, आणि त्याच्यासमोर त्याची पोरगी खाली वाकून पाला गोळा करायची. पायांत साधी चप्पल. बूट अजून लाखेच्या पिशवीतच होते. ते परत न्यायला या असा निरोप आला होता, पण घरात कुणी त्यांचं नाव काढत नव्हतं. पहाटेचं धावणं तिनं नूतनचा फोन आला त्या दिवशीच सोडलं होतं.

त्या वेळी मैदानावर भरतीची पोरं-पोरी सरावाला येत. त्यांच्या टाचांनी उडालेली धूळ आचलनं झाडलेल्या पट्ट्यावर पुन्हा बसायची, आणि ती पुन्हा झाडायची.

एक दिवस त्या पोरींमधून एकजण थबकली. गोरेगावची रचना. ती धापा टाकत जवळ आली आणि तिचा चेहरा फुलला.

"आचल? तुहं नाव यादीत वरच होतं, मी पाह्यलं. माहं बी झालं. पुढच्या सोमवारी ट्रेनिंगले निघायचं हाय." तिनं आचलच्या अंगावरचं केशोरावनं दिलेलं पिवळं जॅकेट पाहिलं, हातातला खराटा पाहिला. "इथं काय करून राहिली? आत्ताच ड्युटी लागली का?"

कडुनिंबाखाली कवडू अर्धा उठला. त्याला धावत जाऊन सांगायचं होतं, तिची चूक नाही, माझी आहे, माझ्या तोंडची आहे. पण सांगायला तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडून काय होतं ते त्यानं पाहिलं होतं. तो तसाच वाकलेला राहिला.

आचलनं खराटा दुसऱ्या हातात घेतला.

"हो," ती म्हणाली. "लागली."

"मंग सोमवारी भेटू," रचना म्हणाली आणि पळत आपल्या रांगेत गेली.

आचलनं उरलेला पट्टा झाडून काढला. केशोरावच्या कागदावर सही केली, जॅकेट घडी करून दिलं, खराटा कोपऱ्यात उभा केला आणि बापाच्या सायकलवर मागं बसली. वाटेत वळणापाशी नेहमीप्रमाणे तिनं त्याच्या पाठीला हात टेकवला, कारण तिथं रस्ता खराब आहे. कवडूला वाटलं, ती आता तरी काहीतरी बोलेल. विमानतळाच्या भिंतीच्या कडेनं ते गेले, तिथंही ती बोलली नाही.

देवकाबाई दारात उभी होती. "आले का?" ती म्हणाली.

दोघं संध्याकाळी घरी आले होते.